नाममुद्रा, लाखोटा आणि तोतये विरोप

वाशीम जिल्ह्यातील धनज हे कारंजा तालुक्यातले गाव. या तालुक्याचे नाव साहित्याच्या अभ्यासकांना परके नाही. गुरुचरित्राच्या वाचकाला कारंजे माहीत असते ते नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून, आणि अपभ्रंशाच्या अभ्यासकाला तिथल्या जैन ग्रंथभांडारांमुळे. १९३० नंतरच्या काही वर्षांत ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ निघाली. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली या मालेतून प्रसिद्ध झाले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्रा. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ असे ग्रंथ त्याच मालेत सिद्ध केले. पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहून लिहिणारा कवी. त्याच्या ‘जसहरचरिउ’त चौदाव्या शतकाच्या आरंभी गंधर्व नावाच्या एका कवीने काही भाग नव्याने घातला. विशेष हे की, आपण कुठे काय घातले ते या गंधर्वाने तिथेच नोंदवून ठेवले. प्रक्षेप करणाऱ्यांच्या जमातीत इतका प्रामाणिक माणूस विरळाच. बाकीच्यांनी आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी घातले आणि नामानिराळे राहिले, आणि पाठचिकित्सा नावाचे शास्त्र त्यांच्यापायीच जन्माला आले.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा, मग ती ‘तुका म्हणे’ असो की ‘नामा म्हणे’, ही कवीची सही समजली जाते. पण ही सही मजकुराचाच एक भाग असते. ज्याला अभंग रचता येतो त्याला ती रचताही येते. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होऊन गेलेले नामदेव आणि त्यांच्यानंतर सुमारे दोन शतकांनी झालेला विष्णुदास नामा यांच्या रचना गाथेत अशा मिसळून गेल्या की, त्या निवडता निवडता संपादकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. विष्णुदास नाम्याचा हेतू काही फसवणुकीचा नव्हता. नाममुद्रेची व्यवस्थाच अशी आहे की, तिच्यात नाव आणि माणूस यांना बांधणारी गाठ नाही. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची प्रत शुद्ध केली आणि यापुढे जो कोणी तिच्यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असा इशाराही देऊन ठेवला. इशारा देण्यावाचून त्यांच्या हाती दुसरे साधन नव्हते.

ज्या ई-मेलवर आज आमचे सारे महाविद्यालयीन व्यवहार चालतात, तिच्यातील ‘प्रेषक’ ही ओळ म्हणजे हुबेहूब अशी नाममुद्राच आहे, असे आम्हांला वाटते. (मराठी संकेतस्थळांवर एके काळी ई-मेलला ‘विरोप’ म्हणत. शब्द फारसा टिकला नाही, पण त्यात ‘निरोप’ ऐकू येतो म्हणून तो आम्हांला आवडतो; निरोपाची विश्वसनीयता निरोप्यावर अवलंबून असते, हे त्या शब्दातच सुचवलेले आहे. या लेखात आम्ही तो मुद्दाम वापरणार आहोत.) विरोपाच्या माथ्यावर दिसणारे नाव हे पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेले असते. मूळ व्यवस्थेत ते कुणी तपासत नव्हते. दुसऱ्याच्या नावाने आणि दुसऱ्याच्या पत्त्याने विरोप धाडण्याला इंग्रजीत ‘स्पूफिंग’ म्हणतात. मराठीत त्याला ‘तोतयेगिरी’ हा तयार शब्द आहे, आणि पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाने १७७६ मध्ये कोकणात केवढे बंड माजवले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो शब्द हलका वाटू नये.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडण्याची युक्ती काढली आणि नाव व यंत्र यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह ठेवले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल याने विरोपांच्या वाहतुकीचे नियम ‘आरएफसी ८२१’ या टिपणात बांधले. तेच एसएमटीपी; त्याचा सांगाडा आजही तोच आहे. या व्यवस्थेत एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी जो संवाद करते तो मोठा सोज्ज्वळ आहे. पहिले यंत्र आपली ओळख सांगते; मग ‘पत्र अमक्याकडून’, ‘पत्र तमक्याला’ असे म्हणते; मग ‘हा मजकूर’ म्हणून सारे पत्र ओतते. पहिल्या दोन विधानांना आपण लिफाफा म्हणू. मजकुराच्या आरंभी पुन्हा ‘प्रेषक’, ‘प्रति’, ‘विषय’ असा मायना येतो. वाचणाऱ्याला दिसतो तो मायना. लिफाफा वाटेतच फाडून टाकलेला असतो. लिफाफ्यावरचे नाव आणि मायन्यातले नाव एकच असले पाहिजे, असे बंधन नव्हते. दोहोंतले एक तरी खरे असले पाहिजे, असेही नव्हते. १९८२ साली या जाळ्यावर काहीशे यंत्रे होती, ती चालवणारे लोक बहुधा एकमेकांना ओळखत होते; वाड्यातल्या वाड्यात चिठ्ठी पाठवताना कोणी लाख लावत नाही, तसेच हे.

त्यातली गंमत लवकरच कुणाच्या तरी लक्षात आली. १ एप्रिल १९८४ रोजी युजनेटवर सोव्हिएत नेते कॉन्स्टन्टीन चेर्नेन्को यांच्या नावाने ‘क्रेमवॅक्स’ नामक यंत्रावरून एक स्नेहपूर्ण पत्र प्रकट झाले: आम्हीही तुमच्या जाळ्यात सामील होत आहोत! पुष्कळांनी ते खरे मानले. ते अ‍ॅमस्टरडॅमच्या पीट बेर्टेमा याने रचले होते. शीतयुद्धाच्या ऐन भरात एका संगणकतज्ज्ञाला एका महासत्तेच्या प्रमुखाच्या नावाने बोलता आले आणि कुणाचे काही बिघडले नाही, कारण तो एप्रिलचा पहिला दिवस होता. भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. म्हणजे ही व्यवस्था आपल्या दारी आली तेव्हाच तिच्यातला हा दोष तेरा वर्षांचा झाला होता.

आता आपल्या जुन्या पत्रव्यवहाराकडे पाहू, कारण तिथे हाच प्रश्न फार आधी आणि फार गंभीरपणे हाताळलेला आढळतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात राजाने दानपत्र कसे करावे ते सांगितले आहे: कापडावर किंवा ताम्रपटावर, आपल्या मुद्रेने अंकित, पूर्वजांचा व स्वतःचा उल्लेख असलेले, स्वहस्ताची खूण आणि काळाची नोंद असलेले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ‘कूटशासन’ करणाऱ्याला, म्हणजे राजाच्या नावाने खोटे आज्ञापत्र रचणाऱ्याला, देहांताची शिक्षा आहे. शिक्षा एवढी कडक असते तेव्हा गुन्हाही बराच होत असतो, असे समजायला हरकत नाही. जे. एफ. फ्लीट या मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १९०१ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त बनावट ताम्रपटांची व शिलालेखांची एक लांबलचक यादीच छापली. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे प्राचीन वत्सगुल्मात, मिळालेला वाकाटक विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट मात्र अस्सल. तो त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातला. वंशावळ संस्कृतात, तर दानाचा व्यवहारी मजकूर प्राकृतात. खोटा पट रचणारा बहुधा अशा ठिकाणी घसरतो: लिपी एका शतकाची, भाषा दुसऱ्या, आणि कालगणना तिसऱ्याच. अस्सलपणाची पारख एका खुणेवरून होत नाही. अनेक स्वतंत्र खुणा एकमेकींशी जुळाव्या लागतात. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे यायचे आहे.

मराठेशाहीतील पत्र म्हणजे खुणांचा असा एक गुच्छच असे. माथ्यावर मुद्रा, शेवटी मोर्तब. ‘मर्यादेयं विराजते’ किंवा ‘लेखनसीमा’ यांसारखी मोर्तब ही नुसती शोभा नव्हती. तिच्याखाली कुणी आणखी चार ओळी खरडू नयेत यासाठी ती मजकुराला घातलेली वेस होती. शिवाय दप्तरात नोंद झाल्याच्या खुणा, ‘सूद’, ‘बार’, निरनिराळ्या कारकुनांच्या हातच्या. मजकूर कारकुनाच्या वळणाचा, पण शेवटचे दोन शब्द खुद्द मालकाच्या हातचे. वर लाखेची मोहोर, म्हणून तो लाखोटा. तो नेणारी जासुदाची जोडी, आणि पुष्कळदा पत्रातच असे लिहिलेले की, बाकीचे वर्तमान अमका मुखजबानी सांगेल. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून छापायला घेतली, तेव्हा या खुणा वाचण्याची विद्या पुन्हा एकदा अभ्यासाचा विषय झाली. त्यापूर्वी तिची गरज फार कटू प्रसंगाने भासली होती: १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला मुंबई इलाख्यातील सनदा तपासण्याचे अधिकार मिळाले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या घराण्यांना आपला कागद खरा आहे हे परक्यांपुढे सिद्ध करावे लागले. खऱ्या सनदेलाही पुरावा लागतो. खोट्या सनदा प्रचारात आल्याची ती किंमत असते, आणि ती नेहमी खऱ्यांनी मोजायची असते.

या विषयावर बोलू लागले की ‘ध चा मा’ ची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांनी ‘धरावे’ असे लिहिलेल्या चिठ्ठीत आनंदीबाईंनी मोडी ‘ध’ चा ‘मा’ केला, अशी आख्यायिका आहे. मूळ चिठ्ठी अभ्यासकांपुढे आलेली नाही, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवले ते राघोबादादांना. आनंदीबाईंच्या माथी मात्र दोन अक्षरे कायमची चिकटली. पुराव्यावाचून एका स्त्रीवर ठेवलेला हा ठपका आमच्या वर्गांतून अजून निःशंकपणे सांगितला जातो, याचा खेद वाटतो. पण तो मुद्दा वेगळा. प्रस्तुत विषयापुरते एवढेच लक्षात घ्यायचे की, ही कथा खरी धरली तरी ती तोतयेगिरीची नाही. तिच्यात पत्र खऱ्या माणसाचे आहे, मजकूर बदललेला आहे. पाठवणारा तोच आहे ना, हा एक प्रश्न. आणि पाठवले तेच पोचले ना, हा दुसरा. एकनाथांपुढचा प्रश्न दुसरा होता, विष्णुदास नाम्याने निर्माण केलेला पहिला. संगणकशास्त्रही हे दोन प्रश्न वेगळे मानते आणि त्यांवर वेगळे उपाय योजते.

पहिल्या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार मात्र आम्हांला दप्तरांत नव्हे, एका नाटकात सापडतो. विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ (त्याची काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी संपादित केलेली आवृत्ती १८८४ ची, पुढे ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, हा योगही सुचक) हे सबंध नाटक एका तोतया पत्रावर उभे आहे. चंदनदासाच्या घरी राक्षसाचे कुटुंब लपलेले असते. एक लहान मूल दाराबाहेर येते, त्याला आत ओढणाऱ्या हातातून पुरुषाच्या मापाची एक अंगठी निसटून उंबऱ्याबाहेर घरंगळते, आणि ती चाणक्याच्या हेराच्या हाती लागते. ती राक्षसाची मुद्रा. मग चाणक्य एक पत्र रचतो. अक्षर हवे म्हणून ते राक्षसाचाच मित्र शकटदास याच्याकडून लिहवून घेतो. त्यात पाठवणाऱ्याचे नाव नाही आणि घेणाऱ्याचेही नाही, त्यामुळे शकटदासाला आपण कुणाचा गळा कापतो आहोत ते कळत नाही. पत्रावर राक्षसाची मुद्रा उठते. पत्रातच म्हटलेले असते की, उरलेले तोंडी वर्तमान पत्र आणणाऱ्या सिद्धार्थकाकडून ऐकावे. आणि सिद्धार्थक चाणक्याचा माणूस.

पाचव्या अंकात हे पत्र राक्षसाचा आश्रयदाता मलयकेतू याच्या समोर ‘पकडले’ जाते. तो मूर्ख नाही, तो तपास करतो. मुद्रा पाहतो: खरी. अलंकार पाहतो: आपणच राक्षसाला दिलेले. अक्षर? शकटदासाला बोलावून विचारावे असे निघते, तर भागुरायण म्हणतो, तो राक्षसासमोर कशाला कबूल होईल, त्याच्या हातचा दुसरा कागद आणून अक्षर ताडून पाहावे. कागद येतो, अक्षर जुळते. हा भागुरायणही चाणक्याचाच. मुद्रा खरी, अक्षर खरे, अलंकार खरे, पत्र खोटे. मलयकेतूने जेवढ्या खुणा तपासल्या त्या सगळ्या एकाच हातातून आलेल्या होत्या. शकटदासाला समोर उभे करून एक प्रश्न विचारला असता तर नाटक तिथेच संपले असते. तोच एक स्वतंत्र मार्ग होता, आणि तो बंद करायला भागुरायणाला दोन वाक्ये पुरली.

आमच्याकडे येणाऱ्या विरोपांचे तंत्र याहून निराळे नाही. प्राचार्यांच्या नावाने दोन ओळी येतात: मी सभेत आहे, फोन करू नका, एवढे एक तातडीचे काम करा. ‘फोन करू नका’ हे भागुरायणाचे वाक्य. लेखा विभागाला एखाद्या पुरवठादाराच्या नावाने कळते की, बँकखाते बदलले आहे. शंका असल्यास खालील क्रमांकावर विचारावे. तो क्रमांक म्हणजे सिद्धार्थक. आणि संशोधनपत्रिकांचा प्रकार तर आमच्या व्यवसायाच्या वर्मावरच बोट ठेवणारा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ यादी २०१९ मध्ये आली, तेव्हा तिच्यातील मान्यताप्राप्त नियतकालिकांची नावे, क्रमांक आणि मुखपृष्ठे उचलून तोतया नियतकालिके उभी राहिली. आयोगालाच अशा ‘क्लोन’ पत्रिकांची वेगळी नोंद ठेवावी लागली. ‘आपला लेख स्वीकारला आहे, शुल्क भरावे’ असा विरोप आला की, पदोन्नतीसाठी लेखांची मोजदाद करत बसलेल्या प्राध्यापकाला मुद्रा तपासायची इच्छा राहत नाही. ती यादीच फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली. तोतये काही तिच्याबरोबर गेले नाहीत. अडचणीत आलेला, आशा धरून बसलेला वाचक हे खोट्या पत्राचे अर्धे काम आधीच करून ठेवतो. मलयकेतूच्या मनातही राक्षसाविषयीचा संशय पत्राच्या आधीच पेरलेला होता.

पैशाच्या बाबतीत हे केवढे होऊ शकते ते पुण्याने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिले. कॉसमॉस बँकेच्या व्यवस्थेत चोरांनी खऱ्या संगणकाऐवजी आपला तोतया मध्यस्थ बसवला. पैसे द्यावेत का, या प्रश्नाला ‘द्यावेत’ असे उत्तर बँकेच्या नावाने तोच देत राहिला, आणि सुमारे ९४ कोटी रुपये देशोदेशींच्या यंत्रांतून निघून गेले. हा विरोपाचा गुन्हा नव्हे, पण जात तीच.

एसएमटीपीला मोर्तब लावण्याचे प्रयत्न पुढे झाले ते तीन टप्प्यांनी. पहिला एसपीएफ, २००६ च्या सुमाराचा. यात प्रत्येक संस्था आपल्या जालनावाखाली एक जाहीर यादी लावते: आमची पत्रे फक्त या यंत्रांकडून निघतात. घेणारे यंत्र ती यादी पाहते. म्हणजे ही जासुदांची हजेरी. पण ती लिफाफ्यावरचे नाव तपासते, मायन्यातले नव्हे. दुसरा डीकेआयएम, २००७ चा. यात पाठवणारे यंत्र मजकुरावर आणि मायन्यावर गणिती मुद्रा उमटवते; एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. ‘ध चा मा’ वर हा उतारा आहे, आणि एकनाथांना हवे होते ते हेच. तिसरा डीमार्क, २०१२ मध्ये जाहीर झालेला आणि २०१५ मध्ये ‘आरएफसी ७४८९’ म्हणून नोंदला गेलेला. लिफाफ्यावरचे किंवा मुद्रेतले नाव आणि वाचकाला दिसणारे नाव यांचा मेळ बसलाच पाहिजे, आणि न बसल्यास पत्राचे काय करायचे, हे संस्थेने जाहीर करायचे: नुसते पाहायचे, बाजूला ठेवायचे, की दारातूनच परत लावायचे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. १९८२ पासून मोजले तर बेचाळीस वर्षे झाली.

पण ही सगळी मुद्रा दप्तराची आहे, माणसाची नव्हे. पत्र खरोखर जीमेलच्या यंत्रातून निघाले, एवढीच ग्वाही ती देते. जीमेलवर कोणीही कोणत्याही नावाने खाते उघडू शकतो. आमच्या भागातल्या कितीतरी महाविद्यालयांचा अधिकृत पत्ता अजून जीमेलवरच आहे. ‘प्राचार्य’ हा शब्द आणि गावाचे नाव जोडून केलेला. त्यात एक अक्षर अधिक घालून दुसरा पत्ता केला की तोतया तयार, आणि त्याचे पत्र तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण होते. लबाडी तंत्राची नसून नावाची असते तेव्हा तंत्र गप्प बसते. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचेही तसेच: रोमन ‘आर’ आणि ‘एन’ जवळ आले की ‘एम’ दिसतो, रशियन लिपीतला ‘ए’ रोमन ‘ए’ सारखाच असतो. मोडी वाचणाऱ्यांना हा धोका शिकवायला नको.

कायद्याची कथा जरा विचित्र आहे, आणि ती महाराष्ट्रातून जाते. मार्च २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ‘नॅसकॉम’च्या नावाने विरोप धाडून लोकांची माहिती गोळा करण्याचे प्रकरण निघाले; तेव्हा अशा कृत्याला नेमके लागू पडेल असे कलमच नव्हते, न्यायालयाला ते जुन्या तत्त्वांवर बेकायदा ठरवावे लागले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने, २७ ऑक्टोबर २००९ पासून, नवी कलमे आली. त्यांतल्या ६६-अ मध्ये एक पोटकलम पत्राच्या उगमाविषयी वाचकाची दिशाभूल करणाऱ्या विरोपाचा स्पष्ट शब्दांत उल्लेख करत होते. तोतया विरोपाला इतक्या नेमकेपणाने नाव देणारी भाषा आपल्या कायद्यात तीच. पण त्याच कलमात त्रास, गैरसोय असले सैल शब्दही होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका निघाली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सबंध ६६-अ रद्द केले. ते योग्यच झाले. उरली ती ६६-क, दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल, आणि ६६-ड, संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. दोहोंत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मनूच्या मानाने सौम्य आहे.

आता स्वतःला कसे सांभाळावे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला हे जड जाऊ नये. दिसणाऱ्या नावावर बोट ठेवले की त्यामागचा पत्ता उघडतो; तो अक्षर-अक्षर वाचावा, आणि उत्तर कुठल्या पत्त्यावर जाणार आहे तेही पाहावे, कारण नाव एका पत्त्याचे आणि उत्तर दुसऱ्या पत्त्याला ही जुनी क्लृप्ती आहे. संगणकावर जीमेल उघडून ‘शो ओरिजिनल’ निवडले तर पत्राची मूळ संहिता दिसते: वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांचे निकाल, आणि खाली पत्र ज्या ज्या यंत्रातून आले त्यांचे, डाकेच्या शिक्क्यांसारखे, एकावर एक चढलेले उल्लेख. ते खालून वर वाचायचे. त्यांतले आपल्या स्वतःच्या टपालयंत्राने लावलेले शिक्के विश्वासाचे. त्याखालचे पाठवणाऱ्याने रंगवलेलेही असू शकतात. निकाल ‘अनुत्तीर्ण’ असेल तर संशय पक्का होतो, पण ‘उत्तीर्ण’ असेल तर पत्र खरे ठरत नाही, हे वर आलेच आहे.

पैसा, गुणपत्रिका, सांकेतिक शब्द किंवा विद्यार्थ्यांची माहिती मागणारे पत्र असेल तर शकटदासाला बोलवावे. म्हणजे ज्याचे नाव आहे त्याला, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर, स्वतः फोन करावा. पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. वरिष्ठांना असे विचारणे आमच्या महाविद्यालयांत उद्धटपणाचे समजतात, ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर कोणत्याही यंत्राचा उपाय चालत नाही. प्राचार्यांनीच एकदा सर्वांना सांगितले पाहिजे की, माझ्या नावाने काही मागितले गेले तर मला विचारा, मला राग येणार नाही. आपल्या खात्याला दुहेरी कुलूप घालावे, नाही तर तोतयाला तोतया होण्याचीही गरज पडत नाही, तो आपल्याच घरातून लिहितो. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर त्याच तासात कळवावे. रक्कम खात्याखात्यांतून फिरत असते, ती गोठवायची संधी थोडा वेळच असते. जवळच्या पोलिस ठाण्यातही तक्रार देता येते, आणि विरोप पुसून टाकू नये, कारण मूळ संहितेतले शिक्के हाच पुरावा.

महाविद्यालयांना मात्र आणखी एक करता येईल. ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ या शेपटाचे जालनाव शैक्षणिक संस्थेलाच मिळते, ते अर्नेटकडून पडताळणीनंतर घ्यावे लागते, आणि म्हणून ते तोतयाला सहजी घेता येत नाही. पुष्कळांनी ते संकेतस्थळासाठी घेतलेलेही आहे. पत्रव्यवहार मात्र जीमेलवर. तो या नावावर आणावा, एसपीएफ आणि डीकेआयएम लावावेत, आणि डीमार्क आधी ‘नुसते पाहा’ या पायरीवर ठेवावे. मग आपल्या नावाने कुठल्या कुठल्या यंत्रातून पत्रे निघाली याचे अहवाल जगभरच्या टपालयंत्रांकडून येऊ लागतात. आपली खरी पत्रे त्यांत नीट जुळतात असे काही आठवडे दिसले की ‘दारातून परत लावा’ ही पायरी घ्यावी. ज्या संस्था पहिल्या पायरीवरच वर्षानुवर्षे थांबतात त्यांच्या दारावर चौकीदार आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याची तो नोंदही करतो, पण अडवत कुणालाच नाही. आणि ती नोंदवही ज्या पत्त्यावर जाते तो बहुधा संकेतस्थळ बांधून देऊन कधीच निघून गेलेल्या कंत्राटदाराचा असतो.